तारली-बांगड्याची लांबी आणि वजन: पट्टी, काटा आणि एक्सेल घेऊन नातं कसं काढायचं

१० सेंटीमीटरची तारली साधारण ८ ग्रॅम भरते. मग २० सेंटीमीटरची किती भरेल? मी हा प्रश्न घरी, मैत्रिणींना, एकदा रिक्षावाल्या काकांनाही विचारलाय आणि बहुतेकांचं पहिलं उत्तर १६ येतं, थोडा विचार केला की ३० वगैरे. खरं उत्तर ६४ च्या आसपास. मासा फक्त लांब होत नाही ना, तो जाड होतो आणि उंचही होतो, तिन्ही बाजूंनी दुप्पट म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठपट. एवढं डोक्यात बसलं की या विषयातलं अर्धं काम झालं, उरलेलं अर्धं म्हणजे हे "आठपट" प्रत्यक्षात कधी साडेसातपट असतं आणि कधी नऊपट, ते मोजून कसं काढायचं.

हे मी लिहितेय ते मुख्यतः फिशरीजच्या पोरांसाठी, ज्यांना प्रोजेक्टला हा विषय "सोपा आहे, घे" म्हणून दिला जातो. सोपा आहेच. गणित पाच मिनिटांचं आहे, एक्सेल तुमच्यासाठी करून देतं. पण मी स्वतः पहिल्या खेपेला जवळपास दोनशे मासे मोजून ते सगळे फुकट घालवलेत, आणि चूक गणितात नव्हती, चूक पट्टीत होती. त्यामुळे इथे गणित कमी आणि मासा जास्त असणारे.

हे कशाला लागतं ते आधी पटकन. बंदरावर टनाने मासळी उतरते, प्रत्येक मासा कोणी तोलत बसत नाही, पण शंभरेक माशांची लांबी मोजता येते आणि नातं माहीत असेल तर त्यावरून वजन काढता येतं. उलटंही होतं, अमुक टन तारली उतरली म्हणजे अंदाजे किती मासे समुद्रातून गेले. शिवाय महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी पकडायची किमान लांबी ठरवून दिली, केरळात त्याआधीपासून तारलीला १० सेंटीमीटर आणि बांगड्याला १४ सेंटीमीटर अशी मर्यादा आहे. म्हणजे नियम लांबीत लिहिलेला आणि लिलाव चालतो टोपलीवर नाहीतर किलोवर, आता किलोमागे किती मासे आले की ते नियमात बसतात हे सांगायला मध्ये हेच समीकरण लागतं.

समीकरण एवढंच:

वजन = ए × लांबी^बी

ए हा नुसता गुणक, तो डेटावरून काढायचा. बी म्हणजे घात. मासा वाढताना आकार अजिबात न बदलता वाढला तर बी बरोबर ३. बी ३ पेक्षा कमी म्हणजे मोठा होताना मासा लांबट, सडपातळ होत जातो, जास्त म्हणजे मोठे मासे अंगाने भरत जातात. बहुतेक जातींत तो २.५ ते ३.५ च्या मध्ये असतो. तुमचा बी २.१ किंवा ३.९ आला तर नवा शोध लागला असं समजून नाचू नका, आधी डेटा बघा, नव्वद टक्के वेळा काहीतरी गडबड केलेली असते.

आधी ठरवा, मासे कुठून घेणार

इथे लोक घाई करतात. बाजारात जाऊन दोन किलो तारली आणली आणि मोजली, झालं. पण बाजारातली तारली मापाने निवडलेली असते, सगळी एकसारखी, १५ ते १६ सेंटीमीटर. एवढ्याशा टप्प्यात रेषा बसवली की बी काहीही येऊ शकतो, कारण रेषेला टेकायला दोन टोकंच नाहीत. तुम्हाला बारकी ८-९ सेंटीमीटरची पण हवी आणि मोठी १९-२० ची पण हवी. माझा हिशेब असा की एकेक सेंटीमीटरचे गट पाडायचे आणि प्रत्येक गटात निदान आठ-दहा मासे येईपर्यंत मधल्या गटातले घेणं थांबवायचं. दीडशे मासे असे नीट पसरलेले असतील तर ते एकाच मापाच्या हजार माशांपेक्षा भारी.

दुसरं म्हणजे जाळं. रापणीत (किनाऱ्यावरून ओढतात ते जाळं) किंवा पर्ससीनमध्ये (थव्याभोवती घेर घालतात ते) जो थवा सापडला त्यातले लहान-मोठे, बारीक-जाड सगळे येतात. गळाजाळ्याचं, म्हणजे पाण्यात पडद्यासारख्या उभ्या गिलनेटचं, तसं नाही, तिथे मासा आसात, म्हणजे जाळ्याच्या भोकात, अडकतो तो त्याच्या घेरावर अडकतो. म्हणजे लहान माशांतले जाडे तेवढे अडकतात, बारीक निसटतात, आणि मोठ्या माशांतले बारीक अडकतात, जाडे आत शिरतच नाहीत. याचा परिणाम काय होईल बघा, लहान मासे आहेत त्यापेक्षा जड दिसणार आणि मोठे हलके दिसणार, रेषा आडवी होणार, बी कमी येणार. मासा सडपातळ होतोय असं तुम्ही लिहिणार आणि प्रत्यक्षात ते जाळ्याचं काम. म्हणून जाळं कुठलं ते वहीत पहिल्या ओळीत लिहा, आणि जमलं तर रापणीची मासळी घ्या. मालवणकडे रापण ओढताना सकाळी जाऊन उभं राहिलं आणि जरा हात लावला, म्हणजे खरंच दोरीला हात लावला, तर मासे मोजायला कोणी नाही म्हणत नाही असा माझा अनुभव.

तिसरं, जात. तारली आणि पेडवे एकाच पाटीत येतात आणि लहानपणी दोन्ही चंदेरी, दोन्ही तेवढेच. तारलीचं अंग लांबट आणि गोलसर, डोकं अंगाच्या मानाने मोठं. पेडवा बाजूने चपटा आणि पोटाकडे उंच. लांबी तीच असली तरी वजन वेगळं पडतं, त्यामुळे शंभर तारल्यांत वीस पेडवे घुसले की ग्राफवर मुख्य रेषेच्या वर एक दुसरी पुसट रेषा दिसते. शंका असेल तो मासा बाजूला ठेवा, मोजू नका. अगदी बारीक पिल्लंही नकोत, मिलिमीटरमधली पिल्लं आणि तयार मासा यांचा आकारच वेगळा असतो, एका सूत्रात दोघं बसत नाहीत.

सामान

लाकडी किंवा ॲक्रिलिकची मोजफळी, एका टोकाला उभी पट्टी ठोकलेली, जिला माशाचं तोंड टेकवायचं. विकत मिळते पण सुताराकडून करून घेतली तरी चालते, फक्त शून्य बरोबर उभ्या पट्टीच्या आतल्या कडेला आलं पाहिजे. शाळेतली पट्टी वापरू नका, तिच्या शून्याआधी अर्धा सेंटीमीटर जागा असते. हो, माझे दोनशे मासे गेले ते असेच. पट्टी फळीला टेकवून चिकटवली होती आणि शून्याच्या आधीची ती मोकळी जागा लक्षातच आली नाही, प्रत्येक मासा ५ मिलिमीटरने लहान लिहिला गेला. तुम्ही म्हणाल मग सगळ्यांत अर्धा मिळवून टाकायचा, पण मधल्या काळात पट्टी निघाली, मी परत चिकटवली, आणि कुठल्या माशापासून ते लिहिलं नव्हतं.

आणि अर्धा सेंटीमीटर म्हणजे काय होतं तेही बघा. १० सेंटीमीटरच्या माशात अर्धा म्हणजे ५ टक्के, पण वजन घनाने जातं म्हणून तिथे जवळपास १५ टक्के. १८ सेंटीमीटरच्या माशात तीच चूक वजनात साडेआठ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चूक सगळीकडे सारखी असूनही लहान माशांना जास्त लागते आणि बी वाकडा होतो.

काटा ०.१ ग्रॅम दाखवणारा घ्या. किचनचा १ ग्रॅमवाला काटा बांगड्याला चालून जाईल, ८ ग्रॅमच्या तारलीला नाही. (मासेवाल्यांशी बोलताना "काटा आणलाय" म्हणू नका, एकदा एका काकांनी गंभीर चेहऱ्याने सांगितलं, काटे माशातच भरपूर आहेत.) काटा सपाट जागेवर, वाऱ्याच्या आड. बंदरावर वारा असतोच, आकडा नाचत राहतो, मी प्लास्टिकचा मोठा डबा आडवा करून त्यात काटा ठेवायचे. १०० ग्रॅमचं माहितीतलं वजन सोबत ठेवा आणि दर पन्नास माशांनी तपासा, पॅनवर खवले आणि चिकट पाणी साठतं आणि शून्य हळूहळू सरकतं.

याशिवाय टिपायला जुनं सुती फडकं, पेन्सिल (पेन ओल्या कागदावर मरतं), आणि एक माणूस लिहायला. एकट्याने मोजून एकट्याने लिहिलं तर तिसाव्या माशानंतर वहीला खवले लागलेले असतात आणि ३ चा ८ वाचला जातो.

लांबी: कुठून कुठपर्यंत

तीन प्रकारच्या लांब्या आहेत. पूर्ण लांबी म्हणजे तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या सगळ्यात लांब टोकापर्यंत. खाचेची लांबी म्हणजे शेपटीच्या मधल्या खाचेपर्यंत. आणि तिसरी, जिला प्रमाण लांबी म्हणतात, ती शेपटीचा पंख सुरू होतो तिथपर्यंत, मणका संपतो तिथे.

बांगड्याची शेपूट दुभंगलेली आणि तिची टोकं बर्फात, टोपलीत घासून झिजतात, म्हणून त्याला खाचेची लांबी जास्त भरवशाची. तारलीला बहुतेक जण पूर्ण लांबी घेतात. कुठलीही घ्या, पण एकच घ्या आणि कुठली ते लिहा. दुसऱ्याच्या अभ्यासाशी तुलना करताना त्याने खाचेची घेतली आणि तुम्ही पूर्ण, तर तुमचा मासा कागदावर आपोआप रोडावलेला दिसतो, कारण तेवढ्याच वजनाला तुमची लांबी जास्त. सोय म्हणून पहिल्या पन्नास माशांच्या दोन्ही लांब्या घेऊन ठेवा, एकीवरून दुसरी काढायचं साधं समीकरण तिथेच मिळतं, नंतर उपयोगी पडतं.

मांदेलीचं प्रकरण वेगळं. तिची शेपूट निमुळती होत होत दोऱ्यासारखी होते, खालचा लांब पंख थेट शेपटीला जाऊन मिळतो, आणि डोलीतून (प्रवाहात बांधायच्या पिशवीसारख्या जाळ्यातून) काढताना, झटकताना ते टोक तुटतं. तुटलेली मांदेली ओळखायची तर टोकाकडे बोट फिरवून बघा, अख्खी असेल तर टोक मऊ आणि निमुळतं लागतं, तुटलेली असेल तर बोथट. तुटलेल्या बाजूला टाका, "साधारण एवढी असेल" करून मोजू नका. मांदेलीचं शेपूट हलकं पण लांब, एक सेंटीमीटर तुटला तर वजन जवळजवळ तेवढंच राहतं आणि लांबी खूप कमी होते, ग्राफवर ती मांदेली एकदम गुटगुटीत दिसते.

मोजताना मासा उजव्या कुशीवर, डोकं डावीकडे, तोंड मिटलेलं. तोंड मिटलेलं हे महत्त्वाचं, मेलेल्या तारलीचा खालचा जबडा लोंबतो आणि दोन-तीन मिलिमीटर वाढतात. शेपटीची दोन टोकं बोटांनी एकत्र दाबायची की आहे तशी ठेवायची हेही आधी ठरवा आणि शेवटपर्यंत तेच करा. मासा ताठलेला आणि वाकलेला असेल तर जबरदस्तीने सरळ करू नका, थोडा वेळ थांबा, ताठरपणा उतरला की मोजा. आकडा मिलिमीटरपर्यंत, आणि पट्टीवर डोळा सरळ वरून.

वजन

टिपा. सगळ्यात जास्त चुका इथे होतात आणि सगळ्यात कमी लिहिलं जातं. बर्फातून काढलेल्या तारलीच्या कल्ल्यांत आणि अंगावर पाणी असतं, लहान माशाला तेही आठ-दहा टक्के फरक पाडू शकतं. कल्ल्याचं झाकण जरा उघडून डोकं खाली करायचं, पाणी निथळू द्यायचं, मग फडक्यावर दोन्ही बाजू टेकवायच्या. घासायचं नाही, खवले निघतात, तारलीचे तर हात लावला की निघतात. प्रत्येकाला तेवढाच वेळ, तेवढंच टिपणं.

ताजा मासा सगळ्यात उत्तम. गोठवलेला वितळताना पाणी सोडतो आणि हलका होतो. फॉर्मलिनमध्ये ठेवलेला लांबीला आखडतो आणि वजन बदलतं. काही मासे ताजे आणि काही गोठवलेले असं मिसळू तर नकाच.

एकदा मालवणला मी असं टिपत, ठेवत, ओरडून आकडे सांगत बसले होते तर शेजारी मासे विकणाऱ्या मावशी बराच वेळ बघत होत्या, मग म्हणाल्या, "पट्टी लावन् मासो मोठो होता काय गो?" मी हसले, तर त्यांनी माझ्या ढिगातली एक तारली उचलली, अंगठ्याने पोटाच्या कडेला दाबली आणि म्हणाल्या, "ह्येका पोट नाय, नुसतो काटो." दुसरी उचलली, दाबली, "ह्यो बघ." मी दोन्ही मोजल्या. लांबीत २ मिलिमीटरचा फरक, वजनात जवळपास चार ग्रॅमचा. त्यांच्या अंगठ्याने जे दोन सेकंदांत केलं त्याला आपण पुढे एक भारदस्त नाव देणार आहोत, थांबा.

वहीत काय काय

तारीख, जागा, जाळं, जात, लांबी, वजन हे तर झालंच. जमलं तर पोट फाडून नर की मादी आणि गाबोळी किती भरलीय तेही. गाबोळीने भरलेली मादी त्याच लांबीच्या नरापेक्षा बरीच जड असू शकते आणि अंडी टाकून झाली की तीच मादी एकदम पिचकते. तारली मुख्यतः पावसाळ्यात अंडी घालते, पाऊस सरल्यावर खाऊन चरबी धरते, म्हणून तर दिवाळीच्या आसपासची तारली तव्यावर स्वतःच्या तेलात भाजली जाते. आता जून-जुलैत आपल्याकडे मासेमारी बंद, त्यामुळे नेमक्या अंडी घालायच्या महिन्यांचे नमुने मिळत नाहीत, आणि "वर्षभराचा अभ्यास" असं लिहिलेल्या बऱ्याच प्रोजेक्टांत ते दोन महिने गुपचूप गायब असतात. गायब असतील तर तसं सांगा, त्यात लाज नाही. महिन्यावार डेटा वेगळा ठेवा, नंतर एकत्र करता येतो, एकत्र केलेला वेगळा करता येत नाही.

आता एक्सेल

समीकरणात घात आहे म्हणून ग्राफ वाकडा येतो. दोन्ही बाजूंचा लॉग घेतला की तो सरळ होतो:

लॉग वजन = लॉग ए + बी × लॉग लांबी

हिशेब कळावा म्हणून मी पाच माशांचे आकडे बनवून घेतलेत, हे खरे नमुने नाहीत, सरावासाठी आहेत:

१० सेंमी, ८.२ ग्रॅम
१२ सेंमी, १४.६ ग्रॅम
१४ सेंमी, २२.९ ग्रॅम
१६ सेंमी, ३५.६ ग्रॅम
१८ सेंमी, ५०.३ ग्रॅम

एका कॉलममध्ये लांबी, शेजारी वजन, पुढच्या दोन कॉलममध्ये दोघांचे लॉग, दहाच्या पायाचे. पहिल्या माशाचे १ आणि ०.९१३८ येतात, शेवटच्याचे १.२५५३ आणि १.७०१६. मग स्लोप फंक्शन, त्यात आधी लॉग वजनाचा कॉलम द्यायचा आणि नंतर लॉग लांबीचा. हा क्रम उलटा झाला तर एक्सेल तक्रार करत नाही, मुकाट्याने ०.३२ उत्तर देतं. कोणाचा बी ०.३ च्या आसपास आला की समजायचं, कॉलम उलटे दिलेत. बरोबर दिलेत तर इथे बी ३.०९ येतो.

इंटरसेप्ट फंक्शन त्याच क्रमाने, उत्तर उणे २.१७३६. हा ए नाही, हा लॉग ए आहे, १० चा उणे २.१७३६ वा घात काढला की ए मिळतो, ०.००६७. तर समीकरण झालं:

वजन = ०.००६७ × लांबी^३.०९

तपासून बघा, १५ सेंटीमीटर टाकलं की साधारण २८.८ ग्रॅम येतात. म्हणजे किलोला पस्तीस-एक तारल्या. १२ सेंटीमीटरच्या मात्र किलोला एकोणसत्तर. फंक्शन नको असतील तर ठिपक्यांचा ग्राफ काढून त्यावर पॉवर ट्रेंडलाइन टाका, आतून ती हेच करते, आकडे तेच येतील.

ग्राफ मात्र काढाच, फंक्शन वापरली तरी. लॉगचे दोन कॉलम घेऊन ठिपके मांडा आणि रेषेपासून लांब एकटा पडलेला प्रत्येक ठिपका वहीत जाऊन शोधा. १४६ चा १६४ झालेला असतो, पेडवा असतो, शेपूट तुटलेली असते. कारण सापडलं तर दुरुस्त करा किंवा काढा. कारण सापडलं नाही तर राहू द्या, नुसता ग्राफ देखणा दिसावा म्हणून मासा उडवू नका.

आर-स्क्वेअरबद्दल, म्हणजे ठिपके रेषेला किती चिकटून आहेत ते ० ते १ मध्ये सांगणाऱ्या आकड्याबद्दल, एक बोलते, कारण सगळे त्यावर फार खूश होतात. वरच्या पाच माशांत तो ०.९९९ आहे. लांबीचा टप्पा मोठा असला की तो असाच भारी येतो, माझ्या त्या फुकट गेलेल्या दोनशे माशांचाही ०.९७ होता! अर्धा सेंटीमीटर खोटा असूनही. म्हणजे आर-स्क्वेअर चांगला आला यावरून मोजणी बरोबर होती हे अजिबात सिद्ध होत नाही.

बी ३ पेक्षा खरंच वेगळा आहे का

३.०९ बघून लगेच "मासा वाढताना जाड होतो" असं लिहायचा मोह होतो. लाइनेस्ट फंक्शन चालवा, ते बी ची प्रमाण त्रुटीही देतं, म्हणजे बी किती इकडेतिकडे होऊ शकतो त्याचं माप. आपल्या उदाहरणात ती ०.०२९. बी मधून ३ वजा करून तिने भागलं (आकडे गोल न करता) की टी येतो ३.०२, आणि पाच माशांना, म्हणजे ३ मुक्त अंशांना (माशांची संख्या वजा दोन), टी च्या टेबलातली मर्यादा ३.१८२. आपला टी कमी पडला. ९५ टक्क्यांचा पट्टा काढला तर २.९९५ ते ३.१८, त्यात ३ बसतोय. म्हणून प्रामाणिक वाक्य एवढंच की या माशांवरून बी ३ पेक्षा वेगळा आहे असं म्हणता येत नाही. मासे पाचच्या ऐवजी दीडशे असते तर कदाचित म्हणता आलं असतं. बी लिहिताना हा पट्टा सोबत लिहा, एकटा आकडा नको.

नर आणि मादी यांच्या रेषा वेगळ्या येतायत का हेही बघा, पण त्याआधी दोघांचा लांबीचा टप्पा सारखा आहे का ते बघा. मोठ्या सगळ्या माद्याच असतील तर तुम्ही नर-मादी नाही, लहान-मोठे यांची तुलना करताय.

मावशींच्या अंगठ्याचं शास्त्रीय नाव

ते म्हणजे कंडिशन फॅक्टर, माशाची तब्येत म्हणा. सगळ्यात जुना फुल्टनचा, विसाव्या शतकाच्या सुरुवातीचा, १०० गुणिले वजन भागिले लांबीचा घन. सोपा आहे पण त्यात बी ३ धरलेला आहे, त्यामुळे बी जास्त असलेल्या जातीत मोठे मासे फुकटचे तब्येतदार दिसतात. ल क्रेनने १९५१ मध्ये इंग्लंडमधल्या विंडरमियर तलावातल्या पर्च माशांवर काम करताना यावर तोड काढली: माशाचं खरं वजन भागिले त्या लांबीला समीकरणाने सांगितलेलं वजन. १ म्हणजे जेमतेम अपेक्षेएवढा, १ च्या वर म्हणजे भरलेला.

आपल्या समीकरणात १५ सेंटीमीटरला २८.८ ग्रॅम. ३१.५ ग्रॅमची तारली मिळाली तर १.०९, आणि २५ ची मिळाली तर ०.८७, हीच ती नुसतो काटो. महिन्यावार सरासरी काढून ग्राफ मांडला की अंडी टाकल्यानंतरची उतरण आणि मग चरबीची चढण दिसते. फक्त हे गुणोत्तर सगळ्या महिन्यांच्या मिळून काढलेल्या एका समीकरणावर काढा, प्रत्येक महिन्याचं वेगळं समीकरण वापरलं तर प्रत्येक महिन्याची सरासरी जवळपास १ च येणार आणि तुम्ही म्हणणार ऋतूचा काही परिणाम नाही.

वापरताना लोक कुठे आपटतात

मिलिमीटर आणि सेंटीमीटर. लांबी मिलिमीटरमध्ये टाकली तर बी तोच राहतो पण ए पार बदलतो, आपल्या उदाहरणात ०.००६७ चा ०.०००००५४५ होतो. एक्सेल चार दशांशांवर सेट असेल तर सेलमध्ये ०.०००० दिसतं आणि मी असा ए असलेला तक्ता सबमिट झालेला बघितलाय, म्हणजे कुठल्याही माशाचं वजन शून्य. म्हणून ए सोबत एकक लिहायचंच.

ए आणि बी ही जोडी आहे. एका पेपरमधला ए आणि दुसऱ्यातला बी असं करू नका, आणि एकाला गोल करून दुसऱ्याला तसंच ठेवू नका. ०.००६७ तसाच ठेवून बी ३.०९ चा ३ केला तर १५ सेंटीमीटरची तारली २८.८ वरून २२.६ ग्रॅमवर येते. बी निदान तीन दशांशांपर्यंत लिहा.

सरासरी लांबीवरून सरासरी वजन काढू नका. पाटीत निम्म्या तारल्या १० सेंटीमीटरच्या आणि निम्म्या १८ च्या असतील तर सरासरी लांबी १४, समीकरण म्हणतं २३ ग्रॅम. खरी सरासरी ८.२ आणि ५०.३ च्या मधली, २९ च्या वर. मोठे मासे वजन खेचतात. आधी प्रत्येक लांबी गटाचं वजन काढायचं, मग सरासरी. टनाच्या हिशेबात ही एक चूक वीस टक्क्यांच्या घरात जाते.

टप्प्याच्या बाहेर जाऊ नका. १० ते १८ वर काढलेलं समीकरण ५ सेंटीमीटरच्या पिल्लाला लावायचं नाही. लॉगमधून परत ग्रॅममध्ये येताना वजन जरासं कमी पडतं, त्यावर एक दुरुस्तीचा गुणक असतो, पण ठिपके रेषेला चिकटून असतील तर तो एक टक्क्याच्याही आत असतो, तो राहिला तरी जग बुडत नाही. पट्टीचं शून्य चुकलं तर बुडतं.

आणि फिशबेसवर (माशांच्या माहितीची जागतिक वेबसाइट) तुमच्या माशाचे ए-बी जगभरातून गोळा केलेले मिळतात, त्यांच्याशी आपले ताडून बघा, पण मोजून झाल्यावर. आधी बघितलं की मग अपेक्षेत न बसणारा मासा हातात आल्यावर काट्यावर संशय यायला लागतो.

मोजून झालेले मासे ताजे असतील आणि पोट फाडलेलं नसेल तर लगेच बर्फात टाका. मी ते बहुतेक वेळा मावशींकडेच देऊन टाकायचे आणि त्या त्यातल्या भरलेल्या चार वेचून माझ्या डब्यात परत ठेवायच्या, एकही न तोलता. घरी आल्यावर मी एकदा तोलून बघितल्या होत्या, चारही १ च्या वर.